स्टीलपेक्षा दुप्पट ताकद, गंज नाही, वजन पाव : मग घराच्या स्लॅबमध्ये फायबरची सळई टाकायची का?

बांधकामाचे रील्स पाहणाऱ्यांच्या फीडमध्ये सध्या एक सळई वारंवार येते. रंग कधी पिवळसर, कधी हिरवा, कधी काळा. एक माणूस सळयांचं अख्खं भेंडोळं एका हाताने उचलून दाखवतो. खाली लिहिलेलं असतं : स्टीलपेक्षा दुप्पट मजबूत, वजनाला पाव, गंज कधीच लागणार नाही, शिवाय खर्चही कमी.

या सळईचं नाव जीएफआरपी, म्हणजे ग्लास फायबर रिइन्फोर्स्ड पॉलिमर. बाजारात तिला ‘फायबरची सळई’ किंवा ‘फायबर सरिया’ म्हणतात. कोकणात गंजलेल्या स्लॅबचे पोपडे उचलून वैतागलेल्या घरमालकाला ही जाहिरात पाहून हुरूप येणं साहजिक आहे. गंमत म्हणजे जाहिरातीतले बरेचसे दावे खरेही आहेत. अडचण आहे ती या दाव्यांवरून काढलेल्या निष्कर्षात. स्टीलची सळई काढली आणि त्याच जागी फायबरची टाकली, इतकं हे सोपं नाही.

ही सळई आहे काय?

काँक्रीट दाबाला दणकट असतं, पण ओढ बसली की लगेच तडकतं. बीम किंवा स्लॅबवर भार आला की वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. हा ताण काँक्रीटला झेपत नाही, म्हणून तिथे सळया टाकतात. शंभरहून जास्त वर्षं हे काम स्टीलने केलं.

फायबरच्या सळईत हेच काम काचेचे बारीक तंतू करतात. खिडकीची काच चटकन फुटते, पण त्याच काचेचा केसापेक्षा बारीक तंतू काढला तर तो ओढीला विलक्षण मजबूत असतो. असे हजारो तंतू एकाच दिशेने लावायचे आणि रेझिनने, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकने, घट्ट बांधायचे. ओढ सोसतात तंतू. रेझिन त्यांना एकत्र धरतं, भार एका तंतूवरून दुसऱ्यावर पोहोचवतं आणि पाणी-क्षारांपासून त्यांना वाचवतं.

यामुळे सळई खूप हलकी होते. १२ मिलिमीटर जाडीची, १२ मीटर लांबीची स्टीलची सळई साडेदहा किलोच्या आसपास भरते. तेवढीच फायबरची सळई अडीच ते तीन किलोची असते. दोन्हींचा भाव विचारताना किलोचा दर विचारून उपयोग नाही. तुलना मीटरच्या दराने करावी लागते, आणि तीही डिझाइनप्रमाणे लागणाऱ्या एकूण सळयांची.

मुळात स्टील बदलायची गरज का पडली?

गंजामुळे. चांगल्या काँक्रीटमध्ये स्टील सहसा सुरक्षित असतं. काँक्रीटचा अल्कली गुणधर्म सळईभोवती एक संरक्षक थर तयार करतो. पण समुद्राच्या हवेतले आणि पाण्यातले क्लोराइड क्षार काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोहोचले की हा थर मोडतो आणि गंज सुरू होतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतं. आतून फुगणारी सळई काँक्रीट फोडते, पोपडे पडतात, पाणी आत शिरतं आणि गंजाचा वेग आणखी वाढतो.

याची किंमत गोव्याने मोजली आहे. पणजीजवळ मांडवी नदीवरचा पूल १९७० मध्ये वाहतुकीला खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. पुलात ताण देऊन बसवलेल्या पोलादी तारांना लागलेला गंज हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. पूल अवघ्या १६ वर्षांचा होता. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर जेट्ट्या, धक्के, खाडीवरचे पूल आणि साधी घरंही याच क्षारांना तोंड देत उभी आहेत.

काचेला आणि रेझिनला असा गंज लागत नाही. जाहिरातीतला हा दावा खरा आहे आणि या सळईचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे. पण ‘गंज लागत नाही’ म्हणजे ‘काहीच होत नाही’ असं मात्र नाही. काँक्रीटमधला जो अल्कली स्टीलचं रक्षण करतो, तोच काचेच्या तंतूंना खातो. तंतूंपर्यंत तो पोहोचू न देणं ही रेझिनची जबाबदारी. म्हणूनच सळईची खरी परीक्षा ती बनते तिथे, कारखान्यात होते.

ताकद ठरते ती बनवताना

या सळया पल्ट्रूजन नावाच्या पद्धतीने बनतात. ‘पुल’ म्हणजे ओढणे, त्यावरून हे नाव आलं. एका बाजूला काचेच्या तंतूंची रिळं मांडलेली असतात. सगळे तंतू एकत्र ओढून पातळ रेझिनमधून नेले जातात. पुढे तापवलेल्या साच्यात ते दाबले जातात आणि उष्णतेने रेझिन कडक होतं. काँक्रीटची पकड बसावी म्हणून सळईवर वाळूचा थर चढवतात, पिळासारखा धागा गुंडाळतात किंवा खाचा पाडतात. नंतर हव्या त्या लांबीला कापतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्येक टप्प्यावर सळई बिघडू शकते.

तंतू रेझिनमध्ये नीट भिजले नाहीत तर मधे हवेचे बारीक पोकळ ठिपके राहतात. त्यातून पाणी आत शिरतं आणि एका तंतूचा भार दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तंतू वाकडे बसले तर भार येताच ते आधी सरळ होऊ पाहतात आणि भोवतीचं रेझिन तडकतं. साच्याचं तापमान कमी पडलं किंवा ओढण्याचा वेग जास्त ठेवला, तर रेझिन पूर्ण कडक होत नाही. अशी सळई दिसायला अगदी छान दिसते, पण उष्णतेला आणि अल्कलीला लवकर शरण जाते.

रेझिन कोणतं वापरलं हेही तितकंच महत्त्वाचं. साधं पॉलिएस्टर स्वस्त पडतं, पण अल्कलीपुढे कमी टिकतं. व्हिनाइल एस्टर किंवा इपॉक्सी महाग असतं, पण जास्त टिकतं. जीएफआरपी सळयांसाठीच्या एएसटीएम डी७९५७ या अमेरिकन मानकात व्हिनाइल एस्टर किंवा इपॉक्सीचीच अपेक्षा आहे. सळईच्या वजनात तंतूंचा वाटा किमान ७० टक्के हवा, असंही ते मानक सांगतं.

टिकाऊपणा तपासायला सळईचे तुकडे ६० अंश सेल्सिअसच्या अल्कली द्रावणात ९० दिवस बुडवून ठेवतात आणि नंतर ओढून पाहतात. मूळ ताकदीच्या किमान ८० टक्के ताकद शिल्लक राहायला हवी. गोदामात सळई हातात घेऊन किंवा वाकवून बघणाऱ्याला यातलं काहीही कळत नाही. दोन कारखान्यांच्या सळया दिसायला सारख्याच असल्या तरी त्यांच्या टिकाऊपणात मोठा फरक असू शकतो.

आणखी एक बारकावा. सळई जाड झाली की तिची दर चौरस मिलिमीटर ताकद थोडी कमी होते. ओढ बाहेरच्या तंतूंना आधी बसते आणि आतल्या तंतूंपर्यंत ती पूर्ण पोहोचत नाही. त्यामुळे ८ मिलिमीटरच्या सळईचा चाचणी अहवाल दाखवून २५ मिलिमीटरची सळई विकणं चुकीचं आहे.

‘१२ च्या जागी १० टाका’ : हिशेब करून पाहू

अनेक ठिकाणी सांगितलं जातं की फायबर जास्त मजबूत असल्यामुळे स्टीलच्या १२ मिलिमीटर सळईच्या जागी फायबरची १० मिलिमीटरची पुरते. सरळ आकडे मांडून पाहू.

१२ मिलिमीटर सळईचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर असतं. एफई ५०० दर्जाचं स्टील दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन ओढीपर्यंत तग धरतं आणि मग लांबायला लागतं. म्हणजे सळई साधारण पावणेसहा टन ओढ घेते. १० मिलिमीटरच्या फायबर सळईचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस मिलिमीटर. तिची ताकद दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन धरली तर ती सुमारे ६.४ टनांना तुटेल. इथपर्यंत फायबर पुढे आहे, आणि जाहिरात इथेच थांबते.

आता ताठपणा पाहू. ताठपणा म्हणजे भार आल्यावर वस्तू किती कमी ताणली जाते. ताकद आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रबराचा जाड पट्टा तुटायला अवघड असतो, पण म्हणून त्यावर झोपाळा टांगला तर तो खाली लोंबणारच. स्टीलचा ताठपणा २०० गिगापास्कल आहे, तर काचेच्या फायबर सळईचा साधारण ४५ ते ६०. म्हणजे जवळपास एक चतुर्थांश. त्यात जाडीही १२ वरून १० मिलिमीटरवर आणली, तर त्या जागी सळईचा ताठपणा जवळपास सहाव्या हिश्शावर येतो.

याचा परिणाम असा की स्लॅब कोसळणार नाही कदाचित, पण जास्त वाकेल, तडे रुंद होतील, वरच्या फरश्या सुटतील, दारं-खिडक्या अडकतील. म्हणून जीएफआरपीच्या बीम आणि स्लॅबमध्ये बहुतेक वेळा ‘तुटेल का’ यापेक्षा ‘किती वाकेल आणि किती तडकेल’ यावर सळयांची संख्या ठरते. म्हणजे सळया कमी लागण्याऐवजी जास्त लागू शकतात किंवा बीमची उंची वाढवावी लागते. स्वस्ताईचं गणित इथेच बदलतं.

तिसरा मुद्दा आहे कायमच्या भाराचा. काचेच्या तंतूंवर मोठा भार वर्षानुवर्षं राहिला तर ते तुटण्याच्या ताकदीपेक्षा बऱ्याच कमी भारालाही अचानक तुटू शकतात. म्हणून अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या २०२२ च्या संहितेत कायमच्या भाराखालचा ताण सळईच्या डिझाइन ताकदीच्या ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवला आहे. म्हणजे वरच्या उदाहरणातले ६.४ टन कायमच्या भारासाठी दोन टनांच्याही खाली येतात. स्टीलच्या बाबतीतही डिझाइनर पूर्ण ताकद वापरत नाहीत, पण तिथे रोजच्या भाराला साधारण निम्म्यापर्यंत ताकद वापरली जाते. ‘दुप्पट मजबूत’ या दाव्यातलं बरंचसं बळ इथेच संपतं.

तुटण्याआधी इशारा कोण देतं?

स्टीलचा सगळ्यात मोलाचा गुण म्हणजे ते तुटण्याआधी ताणत जातं. एफई ५००डी दर्जाच्या सळईने तुटेपर्यंत किमान १६ टक्के लांबायला हवं, अशी भारतीय मानकाची अट आहे. त्यामुळे जास्त भार आला की बीम वाकतो, तडे दिसतात, माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो.

फायबरची सळई अशी लांबत नाही. ती साधारण दोन टक्क्यांच्या आसपास ताणली जाते आणि एकदम तुटते. म्हणून डिझाइनर सहसा उलटी रचना करतात. सळया इतक्या ठेवतात की त्या तुटण्याआधी वरचं काँक्रीट चुरडायला लागावं. असा बीम आधी भरपूर वाकतो, त्यामुळे काही इशारा मिळतो. पण त्यासाठी डिझाइन मुळापासून वेगळं करावं लागतं. सळई बदलली आणि डिझाइन स्टीलचंच ठेवलं, तर ही सुरक्षितता राहत नाही.

भूकंपात हा फरक जिवावर बेतू शकतो. धक्का बसला की इमारतीची चौकट मागे-पुढे झुलते. स्टील लांबून, वाकून त्या धक्क्याची ऊर्जा जिरवतं. फायबर ती जवळपास तशीच परत फेकतं. त्यामुळे भूकंपाचा धोका अगदी कमी मानलेल्या भागांबाहेर, भूकंपाचा भार पेलणाऱ्या चौकटींमध्ये जीएफआरपी वापरायला अमेरिकन संहिता परवानगी देत नाही.

महाराष्ट्रासाठी हा दूरचा प्रश्न नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप राज्याने सोसला आहे. कोकणातली परिस्थिती तर पेचात टाकणारी आहे. किनाऱ्यामुळे गंजाचा त्रास जास्त, म्हणून फायबर हवंसं वाटतं. पण कोयनेचा पट्टा डोंगरापलीकडेच आहे, म्हणून घराच्या कॉलम-बीमला स्टीलचं लवचीक वागणं लागतं.

साइटवर काय बदलतं?

आपल्याकडे बार बेंडर साइटवरच सळई वाकवतो, रिंगा तयार करतो. फायबरची सळई एकदा कडक झाली की ती वाकवता येत नाही. जोर लावला तर तंतू चिरतात किंवा सळई सरळ व्हायला उसळी मारते. वाकडे तुकडे आणि रिंगा कारखान्यातूनच मागवाव्या लागतात आणि वळणाच्या जागी त्यांची ताकद सरळ भागापेक्षा बरीच कमी असते. साइटवर एक माप चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्ती नाही.

सळई कापायची तर कटरने दाबून तोडायची नाही, डिस्कने कापायची. काचेची धूळ उडते, म्हणून मास्क, चष्मा आणि हातमोजे हवेत. उन्हात महिनोन्‌महिने पडलेल्या सळईचा पृष्ठभाग खराब होतो, म्हणून ती झाकून ठेवावी लागते. आणखी एक गोष्ट अनुभवी सेंट्रिंगवाल्यालाही चकवू शकते. ही सळई ओल्या काँक्रीटपेक्षा हलकी असते. ती खाली घट्ट बांधली नाही तर काँक्रीट ओतताना आणि व्हायब्रेटर फिरवताना वर तरंगते. स्लॅबच्या तळाशी हवी असलेली सळई मधेच राहिली, तर तिचा उपयोगच उरत नाही.

आगीचा मुद्दाही आहे. रेझिन शंभर अंशांच्या थोडं पुढे गेलं की मऊ व्हायला लागतं. काँक्रीटचं कव्हर सळईला काही काळ वाचवतं, पण मऊ झालेल्या रेझिनमुळे सळईची काँक्रीटवरची पकड सुटते. स्टीलही उष्णतेने कमजोर होतं, पण बऱ्याच जास्त तापमानाला. राहत्या इमारतीच्या स्लॅबसाठी हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

मग ही सळई वापरतं कोण?

जिथे गंज हा मुख्य शत्रू आहे आणि भूकंप-आगीची चिंता कमी आहे, तिथे ही सळई चांगलं काम करते. कॅनडात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे पुलांचे स्लॅब गंजतात. तिथे अनेक पुलांमध्ये जीएफआरपी वापरलं गेलं आहे. अशा पाच बांधकामांतून पाच ते आठ वर्षांच्या वापरानंतर काँक्रीटचे तुकडे काढून तपासले गेले, त्यात नोव्हा स्कोशियातला एक समुद्री धक्काही होता. काचेच्या तंतूंवर अल्कलीचा दुष्परिणाम आढळला नाही. प्रयोगशाळेतल्या भीतीपेक्षा प्रत्यक्षातलं चित्र बरं निघालं.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या हॉल्स रिव्हर पुलात जीएफआरपी आहे. सौदी अरेबियात जिझान इथे पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या, २० किलोमीटरहून लांब काँक्रीट कालव्यात ते वापरलं गेलं. रुग्णालयात एमआरआय मशीनच्या खोलीला चुंबकाला न ओढली जाणारी सळई लागते, तिथेही ते चालतं. मेट्रोच्या भुयारासाठी स्टेशनच्या भिंतीतून बोगदा पाडणारं यंत्र आरपार जायचं असतं, तिथे भिंतीच्या तेवढ्या भागात फायबरच्या सळया टाकतात, कारण यंत्र त्या सहज कापून पुढे जातं. एका ठिकाणी जो अवगुण, तोच दुसऱ्या ठिकाणी गुण ठरतो.

या यादीत एक गोष्ट सारखी दिसते. हे सगळे प्रकल्प अभियंत्यांनी जीएफआरपीसाठीच डिझाइन केले होते. स्टीलच्या नकाशात सळईचं नाव खोडून ‘फायबर’ लिहिलेलं नव्हतं.

भारतात नियम काय सांगतात?

इंडियन रोड्स काँग्रेसने २०२२ मध्ये रस्ते प्रकल्पांत एफआरपी सळया वापरण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये काँक्रीटसाठीच्या जीएफआरपी सळयांचं मानक, आयएस १८२५६, आणलं. त्यामुळे ‘भारतात याला मान्यताच नाही’ हे म्हणणं आता बरोबर नाही.

पण इथेच एक गल्लत होते. सळईचं मानक म्हणजे सळई कशी असावी याची अट. त्या सळईने तीन मजली घर कसं डिझाइन करायचं, हा वेगळा प्रश्न आहे. आपल्याकडची घरं वर्षानुवर्षं ज्या आयएस ४५६ संहितेवर डिझाइन होत आली, तिची सूत्रं आणि सुरक्षिततेची गणितं स्टील गृहीत धरून लिहिलेली आहेत. त्यामुळे विक्रेत्याने ‘आयएसआय मार्क आहे’ असं सांगितलं, तरी त्याचा अर्थ ‘तुमच्या घराच्या कॉलममध्ये चालेल’ असा होत नाही.

घर बांधणाऱ्याने काय करावं?

कंपाउंडची भिंत, जमिनीवर टाकलेला कोबा, अंगणातलं काँक्रीट, समुद्राकाठचा छोटा बांध अशा ठिकाणी ही सळई विचारात घ्यायला हरकत नाही. राहत्या घराचे कॉलम, बीम आणि स्लॅब यांचा निर्णय मात्र ठेकेदार किंवा दुकानदाराच्या सांगण्यावर घेऊ नये. तो स्ट्रक्चरल इंजिनीअरचा विषय आहे. त्याला थेट विचारावं : डिझाइन जीएफआरपीसाठी नव्याने केलंय का? वाकण्याचा आणि तड्यांचा हिशेब तपासलाय का? भूकंप आणि आगीचं काय? या डिझाइनवर सही कोण करणार?

विक्रेत्याला विचारायचे प्रश्नही ठरलेले असावेत. रेझिन कोणतं आहे? तंतूंचं वजनातलं प्रमाण किती? जी जाडी विकताय त्याच जाडीचा चाचणी अहवाल आहे का? त्यात फक्त ताकद दिली आहे की ताठपणा आणि अल्कली चाचणीही? अहवाल याच मालाच्या बॅचचा आहे का? ‘दुप्पट मजबूत’ म्हणणाऱ्याकडे ताठपणाचा आकडा नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा.

आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी फायबर हा एकमेव उपाय नाही. चांगल्या दर्जाचं घट्ट काँक्रीट, पुरेसं कव्हर, खारी वाळू टाळणं, नीट क्युअरिंग, स्लॅबवर पाणी साचू न देणं यानेही स्टीलचं आयुष्य खूप वाढतं. कव्हर ब्लॉक न लावता सळई थेट सेंट्रिंगच्या फळीवर टेकवलेली असेल, तर ती लवकर गंजणारच. अशा अनेक घरांना नव्या सळईपेक्षा आधी योग्य मापाच्या कव्हर ब्लॉकची गरज आहे, आणि तो काही रुपयांत मिळतो.